गावातल्या जुन्या वास्तूंवर इतिहासफलक: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वेस, गढी, मालगुजाराचा (गावाचा सारा गोळा करणाऱ्या जमीनदाराचा) वाडा, पायविहीर, कापसाच्या जिनाची चिमणी, मामा (माजी मालगुजारी) तलावाची पाळ अशा एखाद्या जागेवर चार ओळींचा फलक लावायचं म्हटलं, की ग्रामसभेत तेच ते प्रश्न उभे राहतात. वऱ्हाड असो की पूर्व विदर्भातली झाडीपट्टी, यात फारसा फरक पडत नाही. नेहमी विचारले जाणारे प्रश्न आणि त्यांची आम्ही देतो ती उत्तरं इथे एकत्र केली आहेत.

काहून लावायचा फलक? आमाले तं माहीत हाय कोनाचा वाडा हाय ते.

वाडा कोणाचा हे माहीत असतं. तिथे काय घडलं, हे मात्र दोन पिढ्यांत पुसलं जातं. हिंगणघाटचं बघा. भारताच्या महात्रिकोणमितीय सर्वेक्षणाचं काम 1802 मध्ये मद्रासजवळ सुरू करणारा विल्यम लॅम्ब्टन मोजणीच्या साखळ्या आणि थिओडोलाइट (कोन मोजायचं यंत्र) घेऊन उत्तरेकडे सरकत होता. नागपूरच्या वाटेवर जानेवारी 1823 मध्ये तो हिंगणघाटला वारला, आणि त्याची कबर तिथेच आहे. त्याच्या मागे हे काम ज्या मदतनिसाने हाती घेतलं, त्या एव्हरेस्टचं नाव जगातल्या सर्वांत उंच शिखराला मिळालं. हिंगणघाटच्या बाजारात कापूस घेऊन येणाऱ्या शंभर जणांना विचारा, यातलं किती जण सांगतात ते पाहा.

दुसरं उदाहरण अकोला जिल्ह्यातलं दहीहांडा. मिठाचा सत्याग्रह समुद्रकाठीच होतो अशी आपली समजूत. पण 1930 मध्ये वऱ्हाडातल्या लोकांनी खारपाणपट्ट्यातल्या (जिथलं भूजल खारट असतं त्या भागातल्या) विहिरीचं खारं पाणी उकळून दहीहांड्याला मीठ तयार केलं. ज्या खाऱ्या पाण्याला पूर्णेच्या खोऱ्यातला शेतकरी जन्मभर शिव्या घालतो, तेच पाणी त्या वर्षी कामी आलं. अशा विहिरीला फलक नाही लावायचा, तर कशाला लावायचा?

किती जुनं असलं म्हणजे फलक लावता येतो?

गावाने स्वतः लावायच्या फलकाला वयाची अट नाही. केंद्राच्या 1958 च्या प्राचीन स्मारकांच्या कायद्यात किमान 100 वर्षांची अट आहे, पण ती सरकारी संरक्षणासाठी. चिमूर आणि आष्टीला 16 ऑगस्ट 1942 रोजी इंग्रजांविरुद्ध जो उठाव घडला त्याला अजून शतक झालेलं नाही. 1972 च्या दुष्काळात ज्या बायामाणसांनी खडी फोडून रस्ते आणि पाझर तलाव केले, त्यांच्या कामाला तर पन्नासच्या वर थोडी वर्षं झाली आहेत. आमचं मत असं, की राजवाड्यांपेक्षा ही कामं आधी घ्यावीत. राजवाड्यांकडे बघायला पुष्कळ जण असतात.

फलक लावला तं सरकार वाडा ताब्यात घेईन काय?

नाही. हा प्रश्न प्रत्येक गावात येतो. म्हाताऱ्या मालकाची रात्रीची झोप यापायी उडते, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

गावाचा माहितीफलक आणि सरकारी संरक्षण यांचा एकमेकांशी संबंध नाही. एखादी वास्तू केंद्राला संरक्षित करायची असेल तर आधी राजपत्रात अधिसूचना काढावी लागते, तिची प्रत वास्तूजवळ ठळक जागी लावावी लागते आणि हरकती घ्यायला दोन महिने द्यावे लागतात. राज्याचा कायदा वेगळा, 1960 चा. संरक्षण मिळालं तरी मालकी आपोआप बदलत नाही. निळ्या पाटीवर पांढऱ्या अक्षरांत ‘हे स्मारक राष्ट्रीय महत्त्वाचे’ असं लिहिलेलं असतं, ती भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाची पाटी. गाविलगड, नरनाळा, लोणारचं दैत्यसूदन मंदिर, मार्कंड्याची देवळं ही त्या यादीतली. तुमच्या आजोबांचा वाडा त्या यादीत फलकामुळे जात नाही.

लोकांनी 100 मीटरचा नियम ऐकलेला असतो, त्यामुळे गोंधळ वाढतो. 2010 च्या दुरुस्तीनुसार केंद्र संरक्षित स्मारकाच्या हद्दीपासून 100 मीटरपर्यंत नवं बांधकाम बंद आणि त्यापुढच्या 200 मीटरमध्ये परवानगीनेच. हा नियम अशाच स्मारकाला लागू आहे. शेजाऱ्याच्या वाड्यावर पाटी लागली म्हणून तुमच्या घराचा स्लॅब अडत नाही. राज्य संरक्षित स्मारकाजवळ घर असेल तर मात्र बांधकामाआधी पुरातत्त्व संचालनालयाच्या नागपूर कार्यालयात एकदा विचारून घ्या.

गढीवर पाटी लागली की लोक गुप्तधनासाठी खणतील ना?

खणणारे पाटीविनाही खणतातच. वऱ्हाडातली एकही पांढऱ्या मातीची गढी अशी नसेल जिला कोणी अमावस्येला भोक पाडलं नाही. शिवाय घरं सारवायला आणि धाब्यावर टाकायला पांढरी माती नेऊन अर्ध्या गढ्या आधीच संपल्या आहेत.

फलकाच्या तळाशी एक ओळ टाकता येते. 1878 च्या निखात निधी कायद्यानुसार जमिनीत दडलेली दहा रुपयांहून जास्त किमतीची वस्तू सापडली तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं, न कळवणं हा गुन्हा आहे. गुप्तधनासाठी अघोरी प्रकार केले तर 2013 चा जादूटोणाविरोधी कायदा लागतो. ही ओळ वाचून कुदळ घरी ठेवणारे फार नसतील, पण पोलीस पाटलाला बोट ठेवायला जागा मिळते.

परवानगी कोणाची लागते?

वास्तू ज्याची त्याची. खासगी वाडा असेल तर मालकाची लेखी संमती घ्या. भाऊबंदकी असेल तर आखीव पत्रिकेवर (जागेच्या मालकीच्या उताऱ्यावर) जितकी नावं आहेत तितक्या सगळ्यांच्या सह्या घ्या, एकाच भावाच्या सहीवर जाऊ नका. गावठाणातल्या सार्वजनिक जागेला ग्रामपंचायतीचा ठराव पुरतो, तालुक्याच्या गावी नगर परिषदेचा. रस्त्याकडेला खांब रोवायचा असेल तर रस्ता जिल्हा परिषदेचा की सार्वजनिक बांधकाम विभागाचा हे आधी बघा. देऊळ विश्वस्त संस्थेचं असेल तर विश्वस्तांचा ठराव, दर्गा किंवा मशीद असेल तर तिथली समिती आणि वक्फ मंडळ. संरक्षित स्मारकाला मात्र स्वतःहून हात लावू नका, साधा खिळाही नाही. केंद्र संरक्षित स्मारकाचं नुकसान केल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं.

माहिती आणायची कुठून? गावात सांगणारं कोणी उरलं नाही.

सांगणारं कोणीतरी असतंच, फक्त आपण पुरुषांना विचारतो आणि थांबतो. पायविहिरीबद्दल पाणी भरणाऱ्या आजीला जे माहीत असतं ते पाटलाला नसतं. पण तोंडी माहितीवर थेट पाटी रंगवू नका, कागद शोधा.

पूर्व विदर्भात, म्हणजे जुन्या मध्य प्रांतातल्या नागपूर, वर्धा, भंडारा, चांदा (आजचं चंद्रपूर) या भागांत, मालगुजारी होती. तिथे निस्तार पत्रक आणि वाजिब-उल-अर्ज हे कागद सोन्याचे आहेत. गावाचा तलाव कोणाचा, पाणी कोणत्या क्रमाने कोणाच्या शेताला जायचं, ढोरं कुठे चरायची, मढी कुठे पुरायची हे सगळं त्यांत लिहिलेलं असतं. मालगुजारी 1951 मध्ये संपली, कागद मात्र तहसील आणि भूमी अभिलेख कार्यालयांत राहिले. वऱ्हाडात रयतवारीसारखी पद्धत होती, तिथे देशमुख, देशपांडे, पाटील यांची वतनी दप्तरं बघावी लागतात. ती बहुधा मोडीत असतात आणि बहुधा कोणाच्या तरी माळ्यावर उंदरांच्या तोंडी लागलेली असतात.

त्यानंतर गॅझेटियर. वऱ्हाडचं पहिलं 1870 चं, जिल्ह्यांची त्यानंतरची. ती राज्य सरकारच्या गॅझेटियर विभागाने संगणकावर मोफत ठेवली आहेत. शाळेचं दाखल-खारीज रजिस्टर, ग्रामपंचायतीचा नमुना 8, जिनाच्या जुन्या पावत्या, रेल्वेच्या स्टेशनातले दगडी आकडे, हेही पुरावेच.

दगडावर फारसी किंवा अरबी लेख असेल तर फार लांब जायची गरज नाही. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाची अरबी-फारसी लेखांची शाखा संबंध देशासाठी नागपुरातच आहे. अचलपूर, बाळापूर, मलकापूर या बाजूच्या गावांना ती फार उपयोगी आहे. लेखाचा फोटो सकाळच्या तिरप्या उन्हात काढा. अक्षरांत खडू किंवा ऑइलपेंट भरून फोटो काढायची आपली सवय मोडा, त्याने दगड कायमचा खराब होतो.

शिळेवरचं साल इसवी सनात कसं बदलायचं?

शक असेल तर 78 मिळवा. शक 1720 म्हणजे 1798. तिथी पौषाच्या पुढची असेल तर बहुतेक वेळा 79. विक्रम संवत असेल तर 57 वजा करा. वऱ्हाडच्या निजामी कागदांत फसली सन येतो, त्यात 590 मिळवा, म्हणजे फसली 1290 हे 1880-81 च्या आसपास पडतं. मराठी दप्तरांतला शुहूर सन असेल तर 599.

हिजरीला मात्र नुसती बेरीज चालत नाही, कारण ते वर्ष चांद्र, 354 दिवसांचं. हिजरी आकड्याला 0.97 ने गुणा आणि 622 मिळवा, एखाद्या वर्षाच्या फरकाने उत्तर येतं. नरनाळ्याच्या महाकाली दरवाज्यावर हिजरी 892 आहे. गुणाकार केला की 1487 येतं. तो दरवाजा बांधणारा फतहउल्ला इमाद-उल-मुल्क तेव्हा बहामनींचा सुभेदार होता. 1490 मध्ये तो स्वतंत्र झाला आणि एलिचपूरची (आजच्या अचलपूरची) इमादशाही सुरू झाली. त्यामुळे त्या दरवाज्याला ‘इमादशाहीचा दरवाजा’ म्हणावं की ‘बहामनी’, यावर वाद घालायला जागा आहे. फलकावर साल आणि माणसाचं नाव लिहा, वाद आपोआप मिटतो.

आणखी एक ताळा लक्षात ठेवा. वऱ्हाड इंग्रजांच्या हाती 1853 च्या तहाने आला. कोणी वऱ्हाडातली कचेरी ‘1840 ची, इंग्रजांनी बांधलेली’ म्हणून दाखवली तर थांबा, तेव्हा तिथे निजामाचा अंमल होता. इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालची निजामाची फौज एलिचपूरला होती, तेवढा अपवाद धरा.

आमचं देऊळ पांडवांनी एका रात्रीत बांधलं. तसं लिहायचं का?

लिहा, पण ‘लोक असं सांगतात’ म्हणून लिहा. दंतकथा ही गावाची मालमत्ता आहे, ती फेकून द्यायची नाही. तिला इतिहासाच्या ओळीत मात्र बसवू नका.

‘हेमाडपंती’ हा शब्दही तसाच सांभाळून वापरा. हेमाद्री हा तेराव्या शतकातल्या यादवांच्या दरबारातला मंत्री. चुन्याशिवाय दगडात दगड अडकवून बांधलेलं प्रत्येक देऊळ आपण त्याच्या नावावर टाकतो. त्यातली कितीतरी त्याच्या जन्माआधीची आहेत. लेख नसेल तर ‘यादवकाळातील किंवा त्याआधीची दगडी बांधणी’ एवढंच पुरे.

चुकीचा मजकूर किती पसरतो याचा नमुना नागपुरात आहे. शून्य मैलाचा दगड हा भारताचा मध्यबिंदू, असं शाळेच्या सहलीत आपल्या सगळ्यांना सांगितलं गेलं. त्याच्याशेजारी 1907 चं सर्वेक्षण खात्याचं तलचिन्ह आहे. तलचिन्ह जागेची समुद्रसपाटीपासूनची उंची सांगतं, देशाचा मध्य त्यावरून ठरत नाही. तरीही ती गोष्ट अजून पाठ केली जाते.

वाड्याच्या फलकावर कोणाकोणाची नावं घ्यायची?

भांडणं होतात ती इथेच. मालकाचं नाव येणारच. पण वाडा मालकाने हातांनी बांधला नाही. पाथरवट, वडार, बेलदार, सुतार यांची नावं कागदात किंवा लोकांच्या आठवणीत मिळत असतील तर ती घातल्याशिवाय मजकूर पक्का करू नका. झाडीपट्टीतल्या तलावांवर ‘मालगुजारी तलाव’ एवढंच लिहून भागत नाही. ते तलाव बांधण्यात कोहळी समाजाचं कसब होतं. नवेगाव बांधचा तलाव कोलू पाटील कोहळीचा म्हणून आजही सांगितला जातो.

ज्या विहिरीवर गावातल्या काही वस्त्यांना पाणी भरू देत नव्हते, त्या विहिरीच्या फलकावर तेही यायला हवं. इथे सभेत आवाज चढतो, ‘जुनं काहून उकरता’ म्हणून. वर्ध्याच्या लक्ष्मीनारायण मंदिराचं उदाहरण द्या. जमनालाल बजाजांनी जुलै 1928 मध्ये ते अस्पृश्य मानलेल्यांना खुलं केलं, आणि त्या देवळाचं मोठेपण आज त्यावरूनच सांगितलं जातं. बंद दाराची गोष्ट गाळली तर दार उघडल्याची गोष्ट कोणाला कळणार?

आमदार साहेबांच्या निधीतून होतंय. त्यांचं नाव?

तळाशी, लहान अक्षरांत, एकदा. ‘सौजन्य’ असं लिहिलं की संपलं. फोटो नको. लोकार्पणाची वेगळी कोनशिला लावायची असेल तर ती वास्तूपासून दूर, आणि खर्च वेगळा. आम्ही असेही फलक पाहिले आहेत, ज्यांवर उद्घाटकांची यादी इतिहासाच्या दुप्पट आहे.

मजकूर किती लांब असावा?

साठ ते ऐंशी शब्द. त्यापुढचं उन्हात उभं राहून कोणी वाचत नाही. लंडनच्या किंग हेन्रीज रोडवरच्या 10 नंबरच्या घरावर डॉ. आंबेडकरांचा निळा गोल फलक आहे. त्यावर नाव, 1891–1956 ही सालं, सामाजिक न्यायासाठी लढल्याची एक ओळ आणि 1921–22 मध्ये इथे राहिले, एवढंच आहे. त्यात भर घालायची गरज कोणाला वाटली नाही.

‘ऐतिहासिक’, ‘भव्यदिव्य’, ‘वैभवशाली परंपरा’ हे शब्द काढून टाका आणि मग उरतं काय ते बघा. काही उरलं नाही, तर अजून माहिती गोळा करायची आहे असं समजा.

भाषा कोणती?

मराठी आधी आणि मोठी. मेळघाटात कोरकू, गडचिरोलीकडे गोंडी आणि अचलपूर-बाळापुरात उर्दू घ्यायला हवी. इंग्रजी जागा उरली तर. वऱ्हाडी बोलीत एखादं वाक्य आलं तर बिघडत नाही, उलट लोक थांबून वाचतात.

फलक कशाचा करायचा?

फ्लेक्स नको. आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 अंशांच्या वर जातो, फ्लेक्स बघता बघता पांढरा पडतो आणि मग गोठ्यावर झाकायला जातो. पितळ भंगारवाल्याकडे जातं. काळ्या ग्रॅनाइटवर खोल कोरून अक्षरांत पांढरा रंग भरला तर टिकतं, आणि रंग उडाला तरी कोरीव अक्षर वाचता येतं.

भिंतीत ठोकू नका. लोखंडी खिळा गंजला की फुगतो आणि दगड फोडतो. चंद्रपूर, भंडाऱ्याकडचा वालुकाश्म तर फारच लवकर सोलतो. चुन्याच्या जुन्या भिंतीवर सिमेंटने फरशी चिकटवली की आतली ओल अडकते आणि सिमेंटच्या कडेने चुना भुगा होऊन पडतो. दोन-तीन फूट अलीकडे वेगळा चौथरा बांधून त्यावर तिरका बसवा, लहान पोराला आणि चाकाच्या खुर्चीवरच्या माणसाला दिसेल एवढ्या उंचीवर. तोंड पश्चिमेला ठेवू नका, दुपारनंतर उभं राहवत नाही.

क्यूआर कोड टाकायचा का?

टाकायचा तर टाका. पण ज्या पोट्ट्याने ते पान बनवलं तो पुण्याला नोकरीला गेला की पान बंद पडतं. कोडशिवायही फलक पूर्ण वाचता आला पाहिजे.

आधीच चुकीचा फलक लागलेला आहे. काय करायचं?

रात्रीतून काढू नका. पुराव्याची प्रत जोडून ग्रामपंचायतीला अर्ज द्या, मासिक सभेत ठराव घ्या, मग बदला. फलक सरकारी खात्याचा असेल तर अर्ज त्या खात्याला. उत्तर यायला वेळ लागतो, अर्जाची पोच सांभाळून ठेवा.

वाडा पाडायचाच आहे. आता फलकाचा काय उपयोग?

पाडणं अडवायचा अधिकार आमच्याकडे नाही. सागवानी खांबांच्या पैशात पोरीचं लग्न होणार असेल तर उपदेशही करवत नाही. पण जेसीबी येण्याआधी दोन दिवस द्या. चारही बाजूंनी फोटो, दालनांची मापं, कोरीव तुळया आणि देवळीचे फोटो, आणि भिंतीत किंवा चौकटीवर काही अक्षरं असतील तर त्यांचा जवळून फोटो, एवढं करून घ्यायचं. 100 वर्षांवरच्या इमारतीतून सुटा केलेला कोरीव भाग 1972 च्या पुरावस्तू कायद्याच्या व्याख्येत येतो, त्यामुळे शहरातून येणाऱ्या व्यापाऱ्याला तो देण्याआधी विचारपूस करा. असा माल खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही.

फलक नंतरही लावता येतो, ‘या जागी अमुक सालापर्यंत अमुक वाडा होता’ असा. नव्या घराच्या कंपाउंडमध्ये त्यासाठी फूटभर जागा सोडायला बहुतेक मालक तयार होतात. घराच्या नकाशावर सही व्हायच्या आधी विचारा, नंतर गिलावा झालेला असतो.